विंचू-मधमाशीच्या डंखावर लावलेल्या औषधाने विष उतरते का? डॉ. फ्रान्चेस्को रेडी यांनी घेतलेली परीक्षा

(घरात आत्ताच कुणाला डंख बसला असेल, तर आधी लेखाच्या शेवटचा 'काय करावे' हा भाग वाचा. बाकीचा लेख नंतर सवडीने वाचता येईल.)

मनवेलपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात डंख बसलेला रुग्ण रिकाम्या त्वचेने फारसा येत नाही. डंखाच्या जागी काही ना काही लावलेले असतेच. कुणी चुना, कुणी हळद, कुणी कांदा चोळलेला, कुणी आघाड्याचा पाला वाटून बांधलेला. आता बाम आणि टूथपेस्टही असते. मी ते पुसायला घेतले की तुमच्यापैकी बरेच जण एकच प्रश्न विचारतात. हे लावल्यावर बरे वाटले, मग हे औषध नाही का?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर नुसते हो किंवा नाही असे देऊन मी मोकळा होऊ शकतो, पण ते तुमच्या लक्षात राहणार नाही. म्हणून आज तुम्हाला एका डॉक्टरांची जीवनकथा सांगतो. ते इटलीत राहत होते, त्यांना जाऊन तीनशेहून अधिक वर्षे झाली, आणि त्यांनी तपासलेले एक औषध आपल्याच बाजूच्या किनाऱ्यांवरून तिकडे गेले होते. त्यांचे नाव फ्रान्चेस्को रेडी.

राजवैद्यांचा मुलगा

रेडी यांचा जन्म १८ फेब्रुवारी १६२६ रोजी इटलीच्या तस्कनी प्रांतातील अरेत्सो या गावी झाला. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या चार वर्षे आधी. वडील ग्रेगोरिओ हे डॉक्टर होते आणि फ्लॉरेन्सच्या मेदिची राजघराण्यात वैद्यकी करत. मुलाने १६४७ मध्ये पिसा विद्यापीठातून वैद्यक आणि तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. पुढे तेही मेदिची दरबारात रुजू झाले, आधी ग्रँड ड्यूक फर्डिनांड दुसरे आणि नंतर त्यांचे पुत्र कोसिमो तिसरे यांचे डॉक्टर म्हणून.

वैद्यकीबरोबर त्यांच्याकडे आणखी एक काम होते. दरबाराचा औषधांचा कारखाना त्यांच्या देखरेखीखाली होता. त्या काळच्या युरोपात विषावर दोन औषधांना फार मान होता. एक पोटात घेण्याचे 'थेरियाका', ज्यात डझनावारी पदार्थ आणि विषारी सापाचे मांसही असे. दुसरे वरून चोळायचे विंचवाचे तेल. अशी औषधे बनवणाऱ्या जागेचा प्रमुख माणूसच विषावरच्या औषधांबद्दल शंका विचारू लागला, हे त्यांच्या आयुष्यातले विशेष.

ते कवी होते, इटालियन भाषेच्या मोठ्या शब्दकोशाच्या कामात होते, आणि प्रयोग करून पाहणाऱ्या विद्वानांच्या एका मंडळाचे सभासदही होते. डॉक्टर म्हणून मात्र त्यांची ख्याती साध्या उपचारांची. एकाच रुग्णाला ढीगभर औषधे देण्यापेक्षा हलका आहार, भरपूर पाणी आणि थोडा धीर यांवर त्यांचा भर असे.

विष नेमके कुठे असते?

थेरियाका बनवण्यासाठी दरबारात जिवंत विषारी साप आणले जात. त्यामुळे रेडींना ते जवळून पाहायला मिळाले. त्या वेळी विष सापाच्या पित्तात असते, असा अनेकांचा समज होता. काहींच्या मते ते सापाच्या रागात असे. रेडींनी सापांची चिरफाड केली आणि १६६४ मध्ये आपली निरीक्षणे छापली. विष म्हणजे दाताभोवतीच्या आवरणात साठणारा पिवळसर द्रव, असे त्यांनी दाखवले.

याकोपो सोत्सी नावाचा एक साप पकडणारा माणूस तिथे होता. त्याने सर्वांसमोर ते विष पिऊन दाखवले आणि त्याला काही झाले नाही. तोच द्रव प्राण्यांच्या जखमेत घातला, तर प्राणी मरत. यावरून रेडींच्या लक्षात आले की हे विष पोटात गेल्याने बाधत नाही, ते त्वचेखाली, रक्तात शिरावे लागते. (हा प्रयोग तुम्ही मुळीच करू नका. तोंडात बारीकशी जखम असली तरी जिवावर बेतू शकते.)

आपल्या प्रश्नासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. विष जर सुईसारख्या दाताने किंवा नांगीने आत टोचले गेले असेल, तर कातडीवर लावलेला लेप त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा?

आपल्या किनाऱ्यावरचा खडा

१६६२ मध्ये पूर्वेकडून परतलेल्या काही ख्रिस्ती साधूंनी मेदिची दरबारात काही गुळगुळीत खडे आणले. हे खडे हिंदुस्थानातल्या नागाच्या डोक्यात सापडतात, दंशाच्या जागी ठेवले की चिकटून बसतात, विष शोषून घेतात आणि काम झाले की आपोआप गळून पडतात, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे जहरमोहरा म्हणून विकले जाणारे खडे याच पठडीतले.

त्या काळी वसईचा किल्ला पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १५३४ ते १७३९ एवढा काळ तो त्यांच्याकडे राहिला. गोवा, वसई, दीव या बंदरांतून मिरी-मसाल्यांबरोबर औषधी वस्तूही युरोपला जात. नागाला युरोपात 'कोब्रा' म्हणतात तो शब्दही पोर्तुगीजांचाच. त्या काळच्या प्रवाशांनी अशा खड्यांच्या व्यापाराच्या संदर्भात दीवचे नाव लिहून ठेवले आहे. यातले बहुतेक खडे नागाच्या डोक्यातले नसत, ते जाळलेल्या हाडापासून बनवलेले असत. जळलेल्या हाडाला असंख्य बारीक छिद्रे असतात, त्यामुळे ते ओलसर जखमेला चिकटते. ओल्या जिभेलाही चिकटते. ओल शोषून भरले की सुटते. पाहणाऱ्याला मात्र वाटते की खड्याने विष ओढले.

दरबारात खड्यांची परीक्षा ठरली. त्या वेळी साप हाताशी नव्हते, म्हणून तंबाखूचे जहाल तेल कोंबड्यांच्या जखमेत घालून वर खडा लावण्यात आला. खडा चिकटला, पण कोंबड्या मेल्या. रेडींनी पुढेही या खड्यांवर प्रयोग चालू ठेवले. निकाल बदलला नाही.

याच सुमारास रोममध्ये अथानासिउस किर्खर नावाचे फार मोठे विद्वान होते. सापाने चावलेल्या एका कुत्र्याला असाच खडा लावला आणि तो वाचला, असे त्यांनी आपल्या १६६७ च्या ग्रंथात छापले होते. किर्खर यांच्या शब्दाला युरोपभर वजन होते. रेडींनी १६७१ मध्ये त्यांनाच उद्देशून एक लांब पत्र छापले. भाषा अत्यंत आदराची, पण आपल्या हातून झालेल्या प्रयोगांत खड्याचा गुण दिसला नाही, हे त्यांनी स्पष्ट मांडले.

आता तुम्ही म्हणाल, कुत्रा तर वाचला होता! बरोबर. पण तो खडा न लावताही वाचला असता का? प्रत्येक दंशात साप सारखेच विष सोडत नाही. कधी थोडे सोडतो, कधी जवळपास काहीच नाही. एका कुत्र्यावरून हे कळूच शकत नाही.

विंचवांची परीक्षा

विंचवांवरही रेडींनी असेच काम केले. १६६८ च्या त्यांच्या कीटकांवरील पुस्तकात ते येते. तस्कनीतले विंचू फारसे घातक नसत, म्हणून त्यांनी आफ्रिकेतल्या ट्युनिसहून विंचू मागवले आणि कबुतरांना डंख करवले. काही पक्षी मेले, काही जगले. विंचू तोच असला तरी निकाल दर वेळी सारखा येईना, कारण लागोपाठ डंख मारल्यावर त्याच्याकडचे विष कमी होत जाते.

यातून एक धोका ध्यानात घ्या. समजा, जगलेल्या कबुतराला कुणी एखादा पाला बांधला असता, तर त्या पाल्याचे नाव गावोगाव झाले असते. मेलेल्या कबुतराचा पाला कुणाच्या लक्षात राहिला नसता.

उघडी बाटली, झाकलेली बाटली

त्याच पुस्तकात रेडींचा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग आहे. कुजलेल्या मांसातून अळ्या आपोआप जन्मतात, असे तेव्हा सगळे मानत. रेडींनी साप, मासे, ईल आणि वासराचे मांस असे चार पदार्थ बाटल्यांत ठेवले. चार बाटल्या उघड्या, तशाच चार घट्ट बंद. उघड्या बाटल्यांत माश्या येऊन अळ्या झाल्या, बंद बाटल्यांत झाल्या नाहीत. बंद बाटलीत हवा नव्हती म्हणून असे झाले, अशी शंका कुणी घेऊ नये यासाठी त्यांनी पुढे बाटल्यांवर तलम जाळीचे कापड बांधले. हवा आत गेली, माश्या बाहेर राहिल्या, मांसात अळ्या झाल्या नाहीत.

या प्रयोगातली खरी शिकवण म्हणजे दुसरी बाटली. सगळे सारखे ठेवायचे आणि फक्त एकच गोष्ट बदलायची. आज कोणतेही नवे औषध किंवा मलम तपासताना अर्ध्या रुग्णांना औषध देतात आणि उरलेल्यांना ते न देता दोन्ही गट शेजारी ठेवून पाहतात. रेडींच्या त्या दोन बाटल्या आणि आजचे हे दोन गट यांमागचा विचार एकच.

मलम जिथे कामी येते

रेडी मलमांच्या विरोधात होते, असे समजू नका. १६८७ मध्ये त्यांच्याच वर्तुळातले तरुण डॉक्टर जोव्हान कोसिमो बोनोमो यांनी त्यांना उद्देशून एक पत्र छापले. खरूज हा रक्त बिघडल्याने होणारा रोग नसून कातडीत राहणाऱ्या अगदी बारीक किड्यामुळे होतो, असे त्यात दाखवले होते. म्हणून पोटात औषधे घेऊन उपयोग नाही, स्नान आणि वरून लावायची औषधेच हवीत, असा निष्कर्ष त्यात होता. खरजेवर वरून लावायची औषधे हवीत, हे आजही बरोबर आहे. रोगाचे कारण कातडीत असेल तर कातडीवरचे औषध त्याच्यापर्यंत पोहोचते. विष आत उतरून रक्तात मिसळले असेल तर पोहोचत नाही.

रेडींच्याही चुका झाल्या. झाडाच्या पानांवरच्या गाठींतले किडे झाडातूनच जन्मतात, असे ते मानत. ते नंतर खोटे ठरले. दंशाच्या वर पट्टी बांधावी, असे त्यांचे मत होते. आज आपण घट्ट आवळून बांधायला मनाई करतो, कारण त्याने हातपाय गमावण्याची वेळ येते. १ मार्च १६९७ रोजी पिसा येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. वय ७१ होते. त्यांना अरेत्सोला पुरण्यात आले.

तीच परीक्षा परळला आणि महाडला

रेडींनी विचारलेला प्रश्न पुढे आपल्या घरी आला. परळच्या हाफकिन संस्थेत डॉ. म्हसकर आणि फादर कायस यांनी सर्पदंशावर सांगितल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती तपासल्या आणि १९३१ मध्ये अहवाल दिला. एकाही वनस्पतीने विषावर उपयोग केल्याचे दिसले नाही. हे दोघे देशी वनस्पतींचे जाणकार आणि चाहते होते. कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीचे संपादन करणाऱ्यांत दोघेही होते. तरीही जे दिसले तेच त्यांनी लिहिले.

मधमाशीच्या डंखावर ॲस्पिरिनची गोळी ओली करून लावावी, असा सल्ला अनेक वर्षे दिला जायचा. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी तो दोन गट करून तपासला आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापला. ॲस्पिरिनने वेदना किंवा सूज कमी झाली नाही, उलट लाली जास्त वेळ राहिली.

आपल्या कोकणात विंचवाचा प्रश्न जिवाचा आहे. इथला लाल विंचू हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम करतो. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवला. गंभीर रुग्णांत सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण त्यानंतर अगदी खाली आले. पुढे २०११ मध्ये त्यांनी दोन गटांचा अभ्यासही प्रसिद्ध केला. नुसते प्राझोसिन मिळालेल्यांपेक्षा प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष मिळालेले रुग्ण लवकर सावरले. ही औषधे पोटातून आणि शिरेतून जातात, विष जिथे काम करते तिथे पोहोचतात.

मग लेप लावल्यावर बरे का वाटते?

कारण मधमाशीच्या डंखाची तीव्र कळ बहुतेक वेळा थोड्या वेळात आपली आपणच ओसरते. चुना लावा, टूथपेस्ट लावा किंवा काहीच लावू नका. गार लेपाने गारव्याचाही आराम मिळतो. त्या आरामाला माझा विरोध नाही.

माझी काळजी वेगळी आहे. काही वर्षांपूर्वी एका आजीने आठ वर्षांच्या नातवाला माझ्याकडे आणले. विटांच्या ढिगाजवळ खेळताना त्याला विंचू चावला होता. आजीने पाला वाटून लावला, कळ कमी झाली, मूल झोपले. आजी निर्धास्त झाली. काही तासांनी मूल घामाने भिजले, ओकाऱ्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. मी लगेच त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. मूल वाचले, पण सहज वाचले नाही. आजीची माया कुठेच कमी पडली नव्हती. कळ गेली म्हणजे विष उतरले, एवढाच तिचा समज चुकला. विंचवाच्या बाबतीत कळ कमी असणे हे सुरक्षित असल्याचे लक्षण नाही. पाल्याने त्या मुलाला अपाय केला नाही. त्याने तिचे काही तास घेतले.

काय करावे

*मधमाशी, गांधीलमाशी*
- मधमाशीचा काटा कातडीत राहिला असेल तर ताबडतोब काढा. नखाने काढा किंवा चिमटीने, पण वेळ घालवू नका.
- साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे धरा. बोटातली अंगठी, हातातल्या बांगड्या आधी काढा.
- दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल चालते. खाज-सुजेसाठी गोळी किंवा मलम डॉक्टरांना विचारून घ्या. दुसऱ्या दिवशी सूज थोडी वाढू शकते.
- अंगभर गांधी उठणे, ओठ-जीभ सुजणे, श्वास लागणे, आवाज बसणे, चक्कर, उलटी यांपैकी काहीही झाले, तोंडात किंवा घशात डंख बसला, किंवा एकाच वेळी खूप डंख बसले, तर तडक रुग्णालयात जा. अशा ॲलर्जीत मांडीत दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन जीव वाचवते.

*विंचू*
- जागा धुवा, बर्फाने शेका, माणसाला शांत ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयातच न्या.
- खूप घाम, ओकाऱ्या, गार हातपाय, धडधड, धाप, खोकल्यातून फेस, लहान मुलग्यांत लिंग ताठ राहणे ही धोक्याची लक्षणे आहेत.
- प्राझोसिन घरच्या घरी देऊ नका. त्याने रक्तदाब एकदम उतरू शकतो.

*साप*
- कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका, खडा लावू नका. चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करा आणि प्रतिविषाची सोय असलेल्या रुग्णालयात जा.

वाटेत घरातल्या मोठ्यांनी हळद लावली तर वाद घालत बसू नका. रिक्षा मात्र थांबवू नका. विंचू किती वाजता चावला आणि काय लावले, एवढे डॉक्टरांना नक्की सांगा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. रुग्णाला प्रत्यक्ष तपासूनच उपचार ठरवावे लागतात.